मुलींच्या बाजूची चावी

"मामा, गठ्ठे वेगळे करा. पोरांचा वेगळा, पोरींचा वेगळा. अन् पोरींचं शेवटचं पान वाचू नका," असं म्हणून सत्यशीलानं कागदांची थप्पी टेबलावर ठेवली आणि ती तासाला पळाली.

वाचू नका म्हटल्यावर हरिबाचा हात आधी शेवटच्या पानावरच गेला.

विद्यापीठानं यंदा विद्यार्थी परिषदांमार्फत पाहणी काढली होती. प्रत्येक कॉलेजातल्या परिषदेनं मुलामुलींकडून दोन पानी फॉर्म भरून घ्यायचे. शिकवणं कसं, ग्रंथालय कसं, एसटी वेळेवर मिळते का. नाव लिहायचं नाही, नुसतं मुलगा की मुलगी तेवढं. शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता : कॉलेजातली कोणती एक गोष्ट बदलावीशी वाटते?

वडवणीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच हे कॉलेज. सत्यशीला परिषदेची सचिव. पंधरा दिवस ती वर्गावर्गात फिरत होती. "खरं लिहा गं, कुणाचं नाव न्हाई त्याच्यावर," म्हणून पोरींच्या मागं लागत होती. हरिबा तिथला शिपाई, एकतीस वर्षं नोकरीत. निवृत्तीला सात महिने राहिलेले. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि गावच्या सप्त्यात बुवांच्या मागं उभा राहणारा पक्का टाळकरी. वाचायला शिकला तो पोथीमुळं, आणि अजूनही कुठलाही कागद पोथीसारखा ओठ हलवत वाचायचा.

"मुलींचे बाथरूम उघडे ठेवावे."

दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावरही. अक्षर तेवढं वेगळं. एकीनं लिहिलं होतं, "मी सकाळी सहाला घर सोडते. चार वाजेपर्यंत पाणी पीत नाही." एकीनं, "परीक्षेच्या दिवशी पोटात दुखले म्हणून पेपर अर्धा सोडून गेले."

हरिबानं मान हलवली. कोण असं करतं पोरींना, असं त्याच्या मनात आलं. कीर्तनात असंच होतं. बुवा दृष्टांत देतात तेव्हा तो शेजारच्याला लागू आहे असं प्रत्येकाला वाटतं, आणि आपण खुशाल टाळ वाजवत राहतो. मग बुवा एखादं वाक्य असं टाकतात, की हात जागच्या जागी थांबतो.

ते वाक्य तेराव्या पानावर होतं. "हरिबा मामा चांगले आहेत. पण त्यांच्याकडे चावी मागायची लाज वाटते."

चावी त्याच्या कमरेला होती.

सात वर्षांपूर्वी तपासणीची समिती यायची होती म्हणून मुलींच्या बाजूला नवं बाथरूम बांधलं. पांढऱ्या फरश्या, आत नळ. समिती खूश होऊन गेली. प्राचार्य म्हणाले होते, "हरिबा, पुढच्या वेळीही असंच दिसलं पाहिजे. कुलूप लाव. जिला गरज असेल ती चावी मागेल." हरिबानं ते काम सेवेसारखं केलं. दर शनिवारी उघडायचा, फिनेल टाकायचा, देवघर पुसावं तशी फरशी पुसायचा आणि परत कुलूप लावायचा. सात वर्षांत एकाही फरशीचा टवका उडाला नव्हता. चावी मात्र कुणी मागितली नव्हती. गरजच नसेल, असं तो धरून चालला होता.

नाही. मागितली होती. एकीनं, एकदा.

विजयमाला तेव्हा इथंच दुसऱ्या वर्षाला होती. त्याची एकुलती एक लेक. नोटीस बोर्डापाशी पोरांचा घोळका उभा असताना ती त्याच्या स्टुलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबा, चावी देता का?" हरिबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता, "शिपायाची लेक म्हणून तुला येगळी सोय न्हाई. समितीसाठी हाय ते." पोरं हसली. ती खाली मान घालून गेली. ही गोष्ट त्यानं भजनी मंडळात सांगितली होती, आपल्या इमानदारीची म्हणून. मंडळींनी माना डोलावल्या होत्या.

त्या वर्षी तिची निळी बाटली रोज भरलेलीच घरी यायची. "पाणी पेत जा गं," तो रोज ओरडायचा. पुढं मुतखडा झाला. बीडच्या दवाखान्यात बारा दिवस. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाहीस? तिनं बापाकडं न बघता भिंतीकडं कूस बदलली. कॉलेज सुटलं. "मला न्हाई शिकायचं," एवढंच बोलली. वर्षभरानं लग्न करून तिला कडा गावी दिली.

तास संपला, गठ्ठे प्राचार्यांकडं गेले आणि त्यांनी सत्यशीला अन् हरिबा दोघांनाही आत बोलावलं. फॉर्म त्यांच्यापुढं पसरलेले.

"सत्यशीला, पुढच्या महिन्यात समिती येतेय. हे असं पाठवायचं का आपण?"

"पोरींनी लिहिलंय ते पाठवायचं, सर."

"एकमेकींचं बघून लिहिलंय. शेवटचं पान नवं लावू. 'बदल नको' असं लिहून आण."

"एकशे अठरा पोरी हायत, सर. त्यांना काय सांगू? तुमाला काही तरास न्हाई म्हणून?"

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. ते हरिबाकडं वळले. "तूच सांग रे. कुणी चावी मागितली आणि तू दिली नाहीस, असं कधी झालंय का?"

सत्यशीलानं त्याच्याकडं बघितलं नाही. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षं त्यानं प्राचार्यांचं वाक्य, टाळकऱ्यानं बुवांचं पद धरावं तसं, मागून धरलं होतं.

"झालंय, सर. एका पोरीनं मागितलती. म्या दिली न्हाई."

"कोण पोरगी?"

"माझीच."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे तुझं घरातलं झालं, हरिबा. आपण फॉर्मचं बोलतोय."

हरिबानं जुडग्यातली ती चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "आता ते कुलूप माज्याच्यानं लागायचं न्हाई. कुणाला सांगायचं ते सांगा."

शेवटची पानं कारकुनानं दुपारीच बदलली. एकशे अठरा वेळा एकाच पेनानं 'बदल नको'. गठ्ठा विद्यापीठाला गेला. पाहणी संपली.

सत्यशीला व्हरांड्यात भेटली. "मामा, तुमाला म्हणलं हुतं, वाचू नका."

"कावून म्हणलीस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून." मग म्हणाली, "आमी पुढल्या वर्षी परत लिहू."

हरिबानं खणातल्या दुसऱ्या चावीनं कुलूप काढून पिशवीत टाकलं आणि दार सताड उघडलं. प्राचार्यांनी बघितलं आणि ते आत निघून गेले. कारकून जाता जाता म्हणाला, "दोन दिसांची चैन हाय मामा. सोमवारी नवं कुलूप येतंय. चावी माज्याकडं ऱ्हाईल."

पाच वाजता कॉलेज रिकामं झाल्यावर हरिबानं पायरीवर बसून कड्याला लेकीला फोन लावला.

"विजे, मी."

"बोला आबा. सप्त्याला गेला न्हाई का?"

"जायचंय." त्यानं कमरेचं जुडगं चाचपलं. "तू त्या टायमाला चावी मागितलतीस. द्यायला पायजे हुती म्या."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मागं तिचं पोर काहीतरी बडबडत होतं. तिसरी शिट्टी झाल्यावर विजयमाला म्हणाली, "कोणती चावी, आबा?"

हरिबानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऊन लई हाय," ती म्हणाली. "पाणी पेत जावा."

फोन ठेवून तो फडकं घेऊन आत गेला. पांढऱ्या फरशीवर चपलांचे मातकट ठसे होते, एकावर एक, दारापासून नळापर्यंत. तो वाकला. मग फडकं तसंच बादलीच्या काठावर टाकून बाहेर आला आणि दार नुसतं लोटून घेतलं.