खिडकीपाशी म्हटलेलं

माझी बायको वँडा गेली आणि तिच्या नाटकांचे हक्क माझ्याकडे आले. मी घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस.

सिनेमात तिचं लिखाण कुणीही बदलायचं. ज्या पटकथेला मोठं पारितोषिक मिळालं, तिच्यात स्वतःची वाक्यं शोधावी लागतात, असं ती म्हणायची. कंटाळून आम्ही आमच्या गावी, मिलवॉकीला परत आलो आणि ती नाटकं लिहू लागली. नाटकात लेखकाच्या परवानगीशिवाय शब्द हलत नाही. आता ती परवानगी मी द्यायची होती.

म्हणून एका शुक्रवारी वँडाच्या शेवटच्या नाटकाच्या तालमीनंतर दिग्दर्शिका कॉर्लिस मला तळलेले मासे खायला घेऊन गेली. स्वतः मात्र तिने घासही घेतला नाही.

"स्टॅन, शेवटचं भाषण काढू या."

"नाही."

"ऐका तरी. नवरा बाहेर बर्फ उपसतोय, बायको खिडकीतून बघतेय. संपलं. पुढे ती जे बोलते ते लोकांना आधीच कळलेलं असतं."

"वँडाने लिहिलंय ते."

"बरं. करार तुमच्या बाजूने आहे."

"मासा खाणार नसशील तर इकडे सरकव," मी म्हणालो.

मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. वँडा प्रत्येक नाटकातल्या पुरुषांची वाक्यं माझ्याकडून वाचून घ्यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. "तुझ्या तोंडात जे वाक्य टिकलं ते कुठेही टिकेल," म्हणून हसायची. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा या नाटकातल्या बायकोची वाक्यंही मीच वाचली. वाचत वाचत खिडकीपाशीच्या त्या भाषणाशी आलो तेव्हा वँडाने हात वर केला.

"हे काढायचं."

"का? चांगलंय की."

"ते तुझ्यासाठी लिहिलंय, म्हाताऱ्या. तिकीट काढून आलेल्यांचा त्याच्याशी काय संबंध?"

तिला हातात पेन धरवत नव्हतं. नंतर खोडू, मी म्हणालो. ते राहिलं.

तोंडाने वँडा मला असं मायेचं कधी बोलली नाही. जे वाटायचं ते नाटकातल्या माणसांना देऊन टाकायची. हे एवढंच माझं होतं. रोज संध्याकाळी जाऊन ते ऐकायचं, असं मी ठरवलं होतं.

सोमवारी तालमीला गेलो. नटी खिडकीपाशी आली आणि बोलू लागली. चांगलंच बोलली, रडलीसुद्धा. बाहेरच्या नवऱ्याचं फावडं मात्र थांबलं.

"अरे ए, उपस ना!" कॉर्लिस ओरडली. "तुला ऐकू येत नाहीये."

"कसं नाही येणार? सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जातंय," तो म्हणाला.

सगळे हसले. पुन्हा केलं. नटी त्याच जागी, तशीच रडली. वँडाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा करायला लागले तेव्हा मला वँडाचा आवाज आठवेना.

मी उठून कॉर्लिसजवळ गेलो. "काढ ते."

"नक्की?"

"वँडानेच काढलं होतं. मी सांगितलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पानावर रेघ मारली.

पहिल्या प्रयोगाला बाई खिडकीत उभी राहिली. फावडं खरवडत राहिलं आणि दिवे गेले. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. वँडाला ते आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बर्फ साचला होता. मी फावडं काढलं. रस्त्यापर्यंत वाट करून होईतो खिडकीकडे पाठ ठेवली.