ओलं शेवाळ आणि बिंदुमाधवकाका

विद्यापीठातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बिंदुमाधवकाकांच्या ताब्यात होता आणि ओली वस्तू ते त्यात जाऊ देत नसत. यंत्रातली हवा पार काढून टाकावी लागते. तशा पोकळीत पाणी लगेच उडतं, नमुन्याचं चिपाड होतं आणि यंत्र दोन दिवस रुसून बसतं.

वैदेही तिथेच रसायनशास्त्रात संशोधन करायची. ब्रह्मा घाटाच्या पायरीवरचं शेवाळ तिला टवटवीत असताना पाहायचं होतं. वाळवलेलं तिने पाहिलं होतं. तुडवलेल्या शेवयांसारखं दिसायचं. तिने एक विचित्र मीठ बनवलं होतं. ते न तापवताही मधासारखं पातळ राहायचं, उडून जायचं नाही आणि त्यातून वीजही वाहायची.

"काका, शेवाळातल्या पाण्याची जागा हे घेईल."

"ओलं ते ओलं. नाही म्हणजे नाही."

१९९६च्या श्रावणात एका सकाळी तिने शेवाळ त्या मिठात भिजवलं, पाणी उडू दिलं, वरचा ओघळ टिपकागदाने टिपला आणि नमुना घेऊन गेली.

"नीट वाळवलंस?" काकांनी विचारलं.

"दोन दिवस हवा काढणाऱ्या पंपाखाली ठेवलं होतं, गुंजभरही वजन घटलं नाही."

पंपाखाली काय ठेवलं होतं, ते तिने सांगितलं नाही.

"आणि सोन्याचा मुलामा? त्याशिवाय नमुन्यावर वीज साचते, चित्र बिघडतं."

"आज राहू द्या ना, काका."

काकांनी कुरकुरत पंप सुरू केला. दाबाचा काटा उतरू लागला तशी वैदेहीने ओढणीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग पडद्यावर गोल, रसरशीत नळ्या उमटल्या.

"अरे, क्या बात है!" काका पुढे सरकले. "वाळवलंस तरी कसं गं?"

"वाळवलंच नाही. ओलंच आहे."

काकांनी आधी काटा पाहिला, मग तिच्याकडे. "झूठ बोललीस?"

"नाही. पंपाखाली नुसतं मीठ होतं. तुम्ही कुठे विचारलंत?"

"थांब. आधी फोटो काढतो, मग रागावतो."

आणि खरंच, सहा फोटो काढून झाल्यावर ते असे रागावले की वऱ्हांड्यातली माणसं डोकावली. आठवडाभर खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं तिला बजावलं.

चौथ्या दिवशी तेच तिच्या प्रयोगशाळेत आले. खिशातून ओल्या रुमालाची पुरचुंडी निघाली. आत देवळाजवळच्या तळ्यातलं कमळाचं केसर होतं.

"हे ताजं पाहायचं बारा वर्षं मनात होतं," काका हळूच म्हणाले. "किती थेंब टाकतेस?"