तारेचं आत वळवलेलं टोक

"मला माहीत नाही" हे तीन शब्द चष्मेवाल्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर माहीत नसताना तो असा ठासून सांगायचा, की विचारणारा दोन गल्ल्या पुढे जाऊन मगच परत फिरायचा. जन्मभर लोकांना चष्मे लावता लावता स्वच्छ दिसतं ते आपल्यालाच, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. अशा माणसाला जुन्या वस्तूंचा नाद लागू नये. पण लागला, आणि तोही सोड्याच्या जुन्या बाटल्यांचा.

घरात दोनशे बाटल्या. सुरुवातीला शेजारपाजारचे त्याच्या बायकोकडे कीव केल्यासारखं बघायचे. "पीत असते तर परवडलं असतं," ती त्यांना सांगायची, "रिकाम्या झालेल्या बाटल्या घराबाहेर तरी गेल्या असत्या."

खरं सांगायचं तर त्याला त्यातलं बरंचसं कळत होतं. बाटली हाती आली की अंगठ्याचं नख तो बाजूच्या शिवणीवरून वर न्यायचा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे काचेवर उमटते ती शिवण. ती थेट ओठावरून, म्हणजे तोंडाच्या कडेवरून, पार गेली तर बाटली यंत्राची. गळ्यातच विरली तर ओठ हातानं घडवलेला, म्हणजे जुनी. गळ्यात गोटी अडकवलेल्या, चिनी मातीचं बूच तारेनं आवळलेल्या, गोल बुडाच्या म्हणून कायम आडव्याच पडणाऱ्या, सगळ्या जाती त्याला तोंडपाठ होत्या. घोटाळा एवढाच, की जिथे कळणं संपायचं तिथे त्याचं बोलणं थांबायचं नाही. सालसुद्धा तो ठोकून द्यायचा.

या देवाला भक्त एकच होता, समोरच्या दुकानातला औषधवाला. त्याच्याकडे चाळीस बाटल्या होत्या, आणि प्रत्येकीची माहिती चष्मेवाल्यानं सांगावी आणि त्यानं वहीत उतरवून घ्यावी, असं पंचवीस वर्षं चाललेलं. "आमच्या चष्मेवाल्याचा शब्द मी डोळे मिटून मानतो," हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. ते ऐकायला चष्मेवाला दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायचा. घरात त्याचा शब्द कुणी डोळे उघडे ठेवूनही मानत नव्हतं, तेव्हा या एका माणसाचं मानणं त्याला जिवापाड जपावंसं वाटे.

औषधवाल्यानं आपली सगळ्यात लाडकी बाटली गावच्या संग्रहालयाला भेट दिली आणि तिच्या माहितीची चिठ्ठी लिहायला चष्मेवाल्याला बोलावणं आलं, त्या दिवशी त्यानं दोनदा दाढी केली.

संग्रहालयातल्या बाईंनी टेबलावर मऊ कापड अंथरून बाटली ठेवली. शेजारी औषधवाला नव्या सदऱ्यात उभा. फिकट हिरवी काच, आखूड गळा, आणि गळ्यात तारेचा फासा. फाशाच्या खालच्या टोकाला रबराची चकती. आतला वायू चकतीला वर ढकलून तोंड बंद ठेवतो, आणि फाशावर तळहात मारला की फट्ट करून बाटली उघडते.

"अशी बाटली मिळते," औषधवाला बाईंना म्हणाला, "पण मूळ बुचासकट मिळत नाही. हे बूच मला यानं शोधून दिलं. बावीस वर्षं झाली."

चष्मेवाल्यानं खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. बावीस वर्षांत त्यानं हे बूच इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पण बाई पेन उघडून बसल्या होत्या, म्हणजे बोलणं भागच होतं.

"तारेचं टोक बघा," तो म्हणाला. "तसंच सोडलेलं नाही, आत वळवून दाबलंय. का? कुणाला टोचू नये म्हणून. कारखान्यातला माणूस एवढा विचार करत नाही, बाई. हा नाजूक कामाचा कारागीर. आणि पीळ उलटा आहे, म्हणजे गडी डावखुरा."

बाईंनी 'डावखुरा' लिहून घेतलं. औषधवाल्यानं कौतुकानं मान डोलावली. आणि चष्मेवाल्याचं लक्ष भिंग धरलेल्या हाताकडे गेलं. तो डावा होता.

चष्म्याची काडी कानाला टोचू नये म्हणून तारेचं टोक आत वळवणारा डावखुरा कारागीर त्याच्या माहितीत एकच होता, आणि तो रोज सकाळी त्याला आरशात भेटायचा.

आता सगळं आठवलं. विसरला होता म्हणण्यापेक्षा, आठवायचं नाही असं ठरवून त्यानं ते मागे टाकलं होतं. बावीस वर्षांपूर्वी औषधवाल्याला ही बाटली बिनबुचाची मिळाली. चष्मेवाल्याला गंमत सुचली. चष्म्याची तार घेतली, रबराची चकती कापली, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली, आणि नेऊन दिली. पाच मिनिटं हसू आणि सांगून टाकू, असा बेत होता. पण औषधवाल्याचे डोळे भरून आले. "हे तुझ्याशिवाय कुणाला सापडलं असतं?" असं तो म्हणाला, आणि एवढं गोड वाक्य पाच मिनिटांत परत करायचं याच्या जिवावर आलं. उद्या सांगू, म्हणाला. त्या उद्याला बावीस वर्षं झाली.

"चिठ्ठी उद्या देतो," असं पुटपुटून तो संग्रहालयातून सटकला.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मग सांगून टाका भावजींना."

"अगं, पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही तो माझ्यावर!"

"नाहीच ठेवणार," ती म्हणाली. "आणि अहो, आत्ता तरी ते तुमच्यावर कुठे ठेवतायत? त्या सगळं माहीत असलेल्या माणसावर ठेवतायत. तो आपल्या घरात कधी राहिलाच नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तो समोर जाऊन उभा राहिला. वाटेत जुळवलेलं भाषण पायरीवरच सांडलं. "ते बूच मी बनवलंय," एवढंच निघालं.

औषधवाला गोळ्यांची पाकिटं लावत होता. "कुठलं बूच?"

"बाटलीचं. तार माझी."

"आणि रबर?"

"तुझ्याच दुकानातलं. इंजेक्शनच्या बाटलीचं झाकण होतं."

औषधवाल्यानं पाकिटं खाली ठेवली. आपल्याच फळीवरचं रबर आपण बावीस वर्षं पुरातन म्हणून पुसत बसलो, हे गळी उतरायला त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

"त्या खऱ्या आहेत."

"तू म्हणतोस म्हणून?"

चष्मेवाला रस्ता ओलांडून परत आला. एवढासा रस्ता, पण त्या दिवशी संपता संपेना.

चिठ्ठी त्यानं लिहून दिली: 'बाटली जुनी, ओठ हातानं घडवलेला. बूच मूळ नाही. गावातल्या एका डावखुऱ्या चष्मेवाल्यानं बनवलेलं.' बाईंनी ती तशीच काचेच्या कपाटात लावली. संग्रहालयात आपला उल्लेख व्हावा ही त्याची जुनी हौस होती. फिटली.

औषधवाला नऊ दिवस फिरकला नाही. चष्मेवाला दुकानाच्या दारात उभा राहून समोर बघायचा आणि तिकडून कुणी बघितलं की चष्मे पुसायचा. एवढे स्वच्छ चष्मे त्या दुकानात पूर्वी कधी नव्हते. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते सांगायचं ज्याला तोच समोर रुसून बसला होता.

दहाव्या दिवशी रविवार होता. दार वाजलं. औषधवाला खोकं घेऊन उभा होता. आत कागदात गुंडाळलेल्या एकोणचाळीस बाटल्या आणि वर ती वही.

"वहिनी, चहा टाका," तो आत बघून ओरडला. याच्याकडे न बघता त्यानं खोकं टेबलावर ठेवलं. "पहिल्यापासून. एकेक."

पहिली बाटली तपकिरी होती, चिनी मातीच्या बुचाची. हिच्याबद्दल वहीत पाऊण पान होतं, सालासकट. चष्मेवाल्यानं नख शिवणीवरून वर नेलं. शिवण गळ्यात विरली, आणि ओठाखाली पुन्हा पुसटशी लागली. मग ती शिवण होती की नुसता ओरखडा? त्यानं भिंग लावलं, उजेडात धरली, उलटी केली. साल जिभेच्या टोकावर तयारच होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

आत स्वयंपाकघरात चमचा खाली पडला.

औषधवाल्यानं वहीतल्या पाऊण पानावर शांतपणे रेघ मारली आणि खाली ते तीन शब्द लिहिले. "हे मात्र मी डोळे मिटून मानतो," तो म्हणाला, आणि खोक्यातली दुसरी बाटली काढून त्यानं त्याच्या डाव्या हातात दिली.