शनिवारपर्यंत न टाकायचं पाऊल

मंगळवारी दुपारी कालिना चालली. अकरा महिन्यांची पोर सोफ्यापासून फ्रीजपर्यंत सात पावलं गेली, आणि मग घरात ठरलं की ती चाललीच नाही. कारण आजी त्सोन्का गावाहून शनिवारी येणार होती. त्यांच्याकडचा रिवाजच तसा: नातीचं पहिलं पाऊल आजीने घरंगळत सोडलेल्या पावामागेच पडायला हवं, पुढे मांडलेल्या कात्री-पेन-थर्मामीटरकडे. पोर जे उचलेल तो तिचा धंदा.

"आईला कळलं तर ती मेल्यावरही ऐकवेल," प्लामेन बायकोला, स्विलेनाला म्हणाला.

मग पोर उभी राहिली की स्विलेना तिला हळूच ढकलून बसवायची. पोर आधी रडली, मग हसली, मग शिकली.

शनिवारी पाव घरंगळला. कालिना उठली, तिने आईकडे पाहिलं आणि आपणहून धप्पकन बसली. चारदा.

"चालणं तुमच्या घराण्यातच नाही गं," आजी सुनेला म्हणाली. "तुझा बापही जन्मभर बसूनच होता."

रविवारी पोरीने उठणंही सोडलं. स्विलेना तिच्यासमोर गुडघे टेकून, नगरपालिकेतल्या आपल्या टेबलावरच्या आवाजात म्हणाली, "मंगळवार ते शनिवार हा कालावधी आपल्या आठवणीतून रद्द करून अर्जदार आईस पूर्ववत भरवशाची समजण्यात यावे, ही नम्र विनंती."