देवपूरचे पेशंट

रुपचंदची झोप कापूस वेचणीच्या दिवसांत उडाली, ती परत आलीच नाही. आधी झोप गेली, मग भूक, मग बोलणं. शेत पांढरंशुभ्र फुटलेलं असताना तो बांधावर नुसता बसून राहायचा. घरात कुणी मेलं नव्हतं, भाऊबंदकी नव्हती. दुःख सांगायचं तर कशाचं, हाच पेच. बायकोने, वच्छलाबाईने, दृष्ट काढली. थोरल्या भावाने गॅस ठरवून ओवा दिला. पारोळ्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली, काळीज ठणठणीत आहे म्हणाले आणि धुळ्याला, देवपुरात, मनोविकाराच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

रुपचंदने घरी सांगितलं, दाढ दाखवायला धुळ्याला जातो. दाढदुखीत अब्रू जात नाही.

दवाखान्यात बाकावर त्याच्याच गावचे झुलालनाना बसलेले. नाना तालमीचे वस्ताद, रुपचंदचेही. खांदा निखळला तरी गड्याने हूं की चूं करायचं नाही, ही त्यांची शिकवण. रुपचंद मागे वळणार, तोवर नानांनी पाहिलं.

"दाढ," रुपचंद म्हणाला.

"मनीबी दाढच," नाना म्हणाले.

दोघांच्या डोक्यावर 'मनोविकार तज्ज्ञ' अशी पाटी होती. दोघांनीही वर पाहिलं नाही.

इतक्यात कंपाउंडर बाहेर आला आणि मागच्या खेपेच्या गोळ्यांनी रडू कमी झालं का, असं त्याने नानांना खड्या आवाजात विचारलं. नाना 'बरंच कमी' म्हणाले आणि धोतर सावरत आत गेले.

रुपचंदची पाळी आली. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तेव्हा दाढ अगदी ओठांवर आली होती. पण वस्तादांनी 'बरंच' म्हटल्यावर शिष्याने काय लपवायचं? तो बांधावरच्या बसण्याबद्दल बोलू लागला आणि मध्येच उपरण्यात तोंड खुपसून रडला. डॉक्टरांनी सांगितलं की हिवतापासारखा हाही आजारच, औषध आहे, गुण यायला थोडे दिवस लागतील.

बाहेर नाना थांबले होते. त्यांची गाडी निघून गेली होती. टपरीवर त्यांनी चहा सांगितला आणि बशीत ओतून बराच वेळ फुंकत बसले.

"गोया मधमाच सोडू नको," शेवटी ते म्हणाले. "मी सोडी दिध्यात. मंग एक दिन हिरवर जाई बठनू."

"मंग?"

"तुनी काकूनी देखं. घर लई उनी."

गोळ्या मध्येच सोडून नाना विहिरीवर जाऊन बसले होते, हे त्यांच्या बायकोने, ताईबाईकाकूने, गावात कुणाला कळू दिलं नव्हतं.

घरी आल्यावर रुपचंदने वच्छलाबाईला खरं काय ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून तिने विचारलं, गोळ्या जेवणाआधी की नंतर?

पुढच्या खेपेआधी नानांनी तालमीसमोर, सगळ्या गावादेखत जाहीर केलं, की आपण आणि रुपचंद डोक्याच्या डॉक्टरकडे जातो आहोत, कुणाला यायचं असेल तर यावं. लोक एकेक करून पांगले. गावातले म्हातारे चुडामणआबा तेवढे हसले.

जायच्या दिवशी आबा दोघांच्या आधीच एस.टी.च्या थांब्यावर हजर होते, इस्तरीचं धोतर नेसून. डोकं शाबूत आहे, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मग इकडे तिकडे बघून नानांच्या कानाशी लागले. बऱ्याच दिवसांपासून लघवीला अडतंय, तिकडे त्याचाही डॉक्टर असतो का?

नानांनी असतो म्हणून सांगितलं आणि गाडीला हात केला.