पोटातला टाका

"हिच्या डोक्यात दगड भरलेत!" शाळेतल्या बाईंचा तो आवाज तीस वर्षं झाली तरी आईच्या कानातून गेला नव्हता. आता तिच्या नऊ वर्षांच्या चिमीलाही अक्षरं एका जागी उभी दिसत नव्हती. पण आईने कंबर कसली होती. रोज शिवणयंत्र थांबलं की ती जाड दोऱ्याने कापडावर अक्षरं शिवायची आणि चिमी त्यांवरून बोट फिरवायची.

"वा...वा," चिमीने वाचलं.

"वाहवा! माझं एवढं कौतुक तर तुझ्या आईनेही केलं नाही कधी," बाबा हसले.

चिमीने कापड भिरकावलं. "माझ्या डोक्यात दगडच आहेत!"

आईने कापड उचललं आणि लेकीचं बोट अक्षराच्या पोटातल्या तिरक्या टाक्यावर टेकवलं. "हा लागला ना बोटाला? व-चं पोट रिकामं. पोटात टाका असला, की ब."

बोट थबकलं, मग सरकलं. "बा...बा. बाबा!"

बाबा चहाचा कप ठेवून जवळ आले.

"माझं कुठे अडतं ते तुला कसं गं कळलं?" चिमीने विचारलं.

आईने सुई खाली ठेवली. नवऱ्यापासूनही लपवलेलं ती बोलून गेली, "मलाही अक्षरं अशीच नाचताना दिसतात, बाळा. अजूनही. वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहीत नाही मी, चित्रं काढते."