लाल खुर्चीचे नियम

आमच्या कंपनीला दर वर्षी कसला ना कसला झटका येतो. मागे एकदा आनंदाचा आला होता, तेव्हा भिंतींना पिवळा रंग दिला आणि पगारवाढ पुढे ढकलली. त्याआधी वेळ पाळण्याचा आला होता. यंदा धैर्याचा आला. मी प्रशिक्षण विभागात आहे. म्हणजे हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या, फळ्यावरची पेनं चालतात का बघायची आणि चहा वेळेवर आणायचा. त्यामुळे असला कुठलाही झटका आला की तो आधी माझ्या अंगावर येतो.

आम्ही लिफ्ट बनवतो, बसवतो आणि दुरुस्त करतो. माझा थोरला भाऊ, दादा, दुरुस्ती विभागात फिटर. लग्न मी केलं नाही, त्यामुळे दादा-वहिनीकडेच राहते. दादा बोलायला कमी आणि अडून बसायला पटाईत. आई म्हणायची, हा पोटात असतानाच कुणाशी तरी भांडून आलाय.

त्याचं भांडण एका लॉकशी होतं. लिफ्ट मजल्यावर आलेली नसेल तर बाहेरचं दार उघडू नये, म्हणून दाराला आतून एक लॉक असतं. कंपनीनं ते स्वस्तातलं घ्यायला सुरुवात केली. नवं असताना ठीक चालायचं. मग आतली पट्टी झिजायची, आणि दार ओढलं की उघडायचं, समोर लिफ्ट असो नसो. यात गुपित काही नव्हतं, दुरुस्ती विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. वरून निरोप होता, "स्क्रू आवळा आणि चालू करा." बाकीचे आवळायचे आणि चालू करायचे. दादा फ्यूज काढून खिशात टाकायचा, दारावर "लिफ्ट बंद आहे" अशी पाटी अडकवायचा आणि चालता व्हायचा. नवीन लॉक येईपर्यंत लिफ्ट बंद. लॉक काही येत नसे.

वरच्या मजल्यांवरची माणसं त्याचा उद्धार करायची. साहेब ओरडायचे. दादा म्हणायचा, "पार्ट नाहीये. मी काय घरी बनवू?" कपडे धुताना वहिनीला त्याच्या शर्टाच्या खिशात फ्यूज सापडायचे. "लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात चिल्लर सापडते," ती म्हणायची, "आमच्या नशिबी हे." ती ते एका बरणीत जमा करून ठेवायची.

अशात धीराच्या बाई आल्या. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते सगळ्या कंपनीत पसरलं. कंपन्यांना धीट करणं हा त्यांचा व्यवसाय. बाईंचा आवाज मऊ होता, बोलताना समोरच्याकडे नीट बघायच्या, आणि माझं नाव विचारणाऱ्या त्या पहिल्याच पाहुण्या. मला बाई आवडल्या, हे आधीच सांगून टाकते. ढोंगी असत्या तर मला ओळखायला वेळ लागला नसता, मी ढोंग्यांना चहा देण्यातच केस पिकवलेत.

त्यांनी एक लाल खुर्ची आणली होती. ती हॉलच्या पुढे, सगळ्यांकडे तोंड करून ठेवायची. मागच्या भिंतीवर नियम लावायचे. पहिला, खुर्चीत बसणारा मनातलं काहीही बोलू शकतो. दुसरा, त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. त्यानं धीर दाखवला म्हणून फक्त टाळ्या वाजवायच्या. तिसरा, या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहील.

"उत्तर का नाही द्यायचं?" मी भिंतीला कागद चिकटवता चिकटवता विचारलं.

"एका कंपनीत एक मुलगा बोलला," बाई म्हणाल्या, "आणि त्याच्या साहेबांनी तिथल्या तिथे त्याला सोलून काढलं. तो पुन्हा कधी बोलला नाही. तेव्हापासून मी हा नियम केला. बोलणाऱ्याला संरक्षण हवं ना."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

खुर्च्या मी मांडल्या. पुढच्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या एका बाजूला खरेदीचे प्रमुख आणि दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचे प्रमुख. तशी सूचनाच होती, साहेब लोक पुढे बसले की कामगारांना बळ येतं म्हणे. मोठ्या साहेबांची कंबर दुखते, म्हणून त्यांच्या खुर्चीवर मी उशी ठेवली. कोपऱ्यात जाहिरातवाल्यांचा कॅमेरा होता, त्याचं तोंड लाल खुर्चीकडे.

सुरुवातीला पाचसात जण बसून गेले. एकानं सांगितलं की त्याला गाणं शिकायचं होतं. एकजण म्हणाला की कँटीनमधली भाजी पाणचट असते. टाळ्या. हिशेब विभागातली एक मुलगी वडिलांच्या आठवणीनं रडली. जास्त टाळ्या. मी थर्मास उघडून बघत होते, तेवढ्यात दादा उठला. 

तो खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "दारांची लॉकं खराब आहेत. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. लिफ्ट नसताना दार उघडतंय. कुणीतरी जाणार आहे खाली. मी फ्यूज काढून आणतो, पण मी किती ठिकाणी पुरणार? लॉकं बदला. मला गप्प बसवत नाही, म्हणून बोललो."

 खरेदीच्या प्रमुखांनी तोंड उघडलं, तशी बाईंनी हसून भिंतीकडे बोट दाखवलं. दुसरा नियम. त्यांनी तोंड मिटलं. किती हलकं वाटलं असेल त्यांना! मग मोठे साहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागे सगळा हॉल उभा राहिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. दादा खाली मान घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्याच्यासाठी आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती.

मग चहा झाला. दादाला साहेबांच्या टेबलाशी बोलावून बिस्किटं दिली.

पुढच्या आठवड्यात त्याला केबिनमध्ये बोलावलं. तिथे काय झालं ते त्यानं घरी आल्यावर चपला काढायच्या आतच सांगितलं. दुरुस्तीचे प्रमुख त्याला म्हणाले होते, "तुम्ही बोललात, मोठ्या साहेबांनी स्वतः ऐकलं. आता ते आमच्यावर सोडा. जाहिरातीत तुमचा चेहरा घ्यायचाय. कंपनीचा चेहराच लिफ्ट बंद करत फिरला तर कसं दिसेल?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हणणार? वरपर्यंत पोचलं. आता बदलतील." आणि तो वहिनीला म्हणाला, "बरणी दे गं."

मला तेव्हा काहीच खटकलं नाही. उलट वाटलं, चला, याच्या जिवाचा घोर सुटला. त्यानं फ्यूज पिशवीत भरले आणि एकेका इमारतीत जाऊन परत बसवले. माणसं त्याला दुवा द्यायला लागली. इतकी वर्षं ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांनी पाणी विचारलं. चौकात मोठं पोस्टर लागलं. त्यावर दादाचा चेहरा आणि खाली एकच ओळ: आम्ही खरं बोलतो. जाहिरातीच्या फिल्ममध्ये तो एवढंच म्हणत होता, "मला गप्प बसवत नाही." मागे संगीत. लॉकचं नाव नाही. वहिनी भाजी आणायला मुद्दाम चौकातून जायची.

लॉकं आली नाहीत. दादानं एकदा विचारलं, तर सांगितलं, विषय विचाराधीन आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, तुम्ही आता विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे. पूर्वीचा दादा असता तर खिसा भरून घरी आला असता. पण त्याला वाटत होतं की आपण बोललोय, म्हणजे आपलं काम झालंय. ती खुर्ची नसती तर तो अडून बसला असता, हे मला आता दिवसरात्र छळतं.

एका दुपारी ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई शिवलेले कपडे पोचवायला एका इमारतीत गेल्या. तिसऱ्या मजल्यावर काम झालं. हातात पिशव्या होत्या, जिन्यातला दिवा गेलेला होता. त्यांनी लिफ्टचं दार ओढलं, ते उघडलं, आणि त्यांनी पाऊल आत टाकलं. लिफ्ट वर पाचव्या मजल्यावर होती.

फ्यूज दादानं स्वतःच्या हातानं परत बसवला होता.

तो त्या दिवशी घरी आला आणि पाटावर बसावं तसा उंबऱ्यातच खाली बसला. वहिनी म्हणाली, आत या. तो म्हणाला, "तिची मुलगी आली होती तिथे. खाली जमिनीवर पडलेले कपडे गोळा करत होती." त्यानंतर त्याची वाचाच बसली.

कंपनीनं हात झटकायला वेळ लावला नाही. पोस्टर काढलं. दादाला घरी बसवलं. पोलिसांनी त्याला दोनदा नेऊन बसवून ठेवलं. मग सरकारी चौकशी लागली, आणि कंपनीच्या वकिलानं काय पुढे करावं? तीच फिल्म. संगीताशिवाय. त्यात दादा स्पष्ट म्हणत होता, लॉकं खराब आहेत, मला माहीत आहे. "तुम्हालाही माहीत आहे" एवढं वाक्य कापलं होतं आणि टाळ्याही कापल्या होत्या. वकिलाचं म्हणणं असं, की याला दोष ठाऊक होता आणि तरी यानंच लिफ्ट चालू केली. साहेबांना यातलं काही कळलंच नाही, कारण कामगारांनी मोकळं बोलावं म्हणून ते त्या सत्राला हजरच नव्हते. फिल्म जाहिरातवाल्यांकडे होती, ती पूर्ण कुणी पाहिलीच नाही.

म्हणजे खोलीतलं बोलणं खोलीत राहिलं नाही. फक्त खोलीतली माणसं तिथून नाहीशी झाली.

मी दुरुस्ती विभागात एकेकाला विचारलं. हॉलमध्ये उभं राहून ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या एकालाही पुढच्या रांगेत कोण होतं ते आठवत नव्हतं. एकजण म्हणाला, "ताई, माझ्या पोरांची फी आहे." मी त्याच्यावर चिडलेसुद्धा नाही. रडणारी ती हिशेबातली मुलगी मला बघून बाथरूममध्ये गेली.

मग मी धीराच्या बाईंकडे गेले. त्यांचं ऑफिस छान होतं, खिडकीत रोपं, आणि एका भिंतीशी आणखी लाल खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. मला पाहून त्या उठल्या, माझे हात हातात घेतले.

"मला झोप लागत नाही," त्या म्हणाल्या.

"मग चौकशीत येऊन सांगा. साहेब समोर बसले होते. तुम्हीच त्यांना बोटानं गप्प केलं होतंत."

त्यांनी हात सोडले. "माझा करार आहे. खोलीतलं बाहेर बोलले तर मला पुन्हा कुणी बोलावणार नाही. माणसं माझ्यासमोर मन मोकळं करतात ती याच भरवशावर."

"त्यांनी फिल्म दाखवलीच की."

"त्यांनी मोडलं म्हणून मीही मोडू?"

"बाई, तुमचा धंदाच धीराचा आहे," मी म्हटलं. "थोडा स्वतःसाठी ठेवायचात."

त्या रडल्या. खरंच रडल्या, ढोंग नव्हतं. मी खाली रस्त्यावर येईपर्यंत मला त्यांचा राग येत होता, आणि नंतर नुसतं थकल्यासारखं झालं.

चौकशीच्या आदल्या दिवशी दादा जेवताना एकदम बोलला. "तू जाऊ नकोस."

"का?"

"घरात एकच पगार उरलाय. तुझा. मी बोललो तर हे झालं. तू बोलून काय होणार?"

वहिनीनं त्याच्या ताटात भात वाढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या जाणार आहेत. मी त्यांची साडी इस्त्री करून ठेवलीय."

चौकशीची खोली साधी होती. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा. एका बाजूला साहेब आणि वकील, दुसऱ्या बाजूला दादा, वहिनी, आणि मागे त्या गेलेल्या शिवणाऱ्या बाईंची मुलगी, अंगानं बारीक. चौकशी अधिकारी म्हातारे होते आणि त्यांना सर्दी झालेली होती. मी उभी राहिले. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहा आणायला उशीर केलाय.

"तुम्ही त्या दिवशी हजर होता?"

"हो. खुर्च्या मीच मांडल्या होत्या."

"पुढच्या रांगेत कोण होतं?"

मी एकेकाकडे बोट दाखवून सांगितलं. खरेदीचे प्रमुख, दुरुस्तीचे प्रमुख, मोठे साहेब. मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर उशी होती, निळी, त्यांची कंबर दुखते म्हणून. वकील उठला आणि म्हणाला, ही बहीण आहे, ही असंच बोलणार. अधिकाऱ्यांनी त्याला हातानं बसवलं. दुरुस्तीचे प्रमुख आपल्या बुटांकडे बघत होते. माझी नोकरी गेली, हे मला त्याच वेळी कळलं.

"तुमचे भाऊ लॉकबद्दल बोलले, तेव्हा हे साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. उत्तर द्यायचं नाही असा नियम होता."

"मग त्यांनी केलं काय?"

"टाळ्या वाजवल्या," मी म्हटलं. "उभं राहून."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पंखा कुरकुरत राहिला. तेवढ्यात मागून त्या मुलीचा आवाज आला. ती कुणा एकाला विचारत नव्हती, आळीपाळीनं आमच्या सगळ्यांकडे बघत होती. साहेबांकडे, दादाकडे, माझ्याकडे.

"टाळ्या कशाला वाजवल्या?"

त्या खोलीच्या भिंतीवर कुठलाही नियम लावलेला नव्हता. तरी तिला कुणी उत्तर दिलं नाही.